मैलोबाचे सात मैल

कचरूला सगळा भोकरदन तालुका ओळखायचा, पण पाठमोरा. चौतीस वर्षं तो बांधकाम खात्यात मैलकुली होता. रस्त्याच्या कडेची बाभूळ छाटायची, खड्ड्यात मुरूम टाकायचा, दिवाळीच्या आधी किलोमीटरचे दगड रंगवायचे, असलं त्याचं काम. ते वाकूनच करायचं असतं. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची ती त्याची पाठ, डोक्याचा पंचा आणि शेजारी ठेवलेला रंगाचा डबा.

पण दगड रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळा पाचवीपर्यंतच झालेली, तरी आकडे असे काढायचा की बघत राहावं. त्याचा तीन कमरेत वाकलेल्या लेझीमवाल्यासारखा आणि आठ अगदी तोंड उघडून हसणारा. हसनाबाद ते भोकरदन रस्त्यावरचा एकूण एक दगड त्याला घरच्या माणसासारखा ठाऊक. बोलायचासुद्धा तसाच. "थोरलीची सोयरीक नऊ किलोमीटरला ठरली," म्हणायचा. म्हणजे नवव्या दगडाजवळ पाव्हणे भेटले होते. "माझी दाढ अकरा-चारला पडली," म्हणायचा. म्हणजे अकरा किलोमीटरच्या पुढं चारशे मीटरवर भुईमुगाच्या शेंगा खाताना.

निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. बायको गोजरबाई आणि तो, दोघंच जांभळवाडीत राहत. वाडी रस्त्यापासून थोडी आत. वाडीच्या मागं, ओढ्याच्या अंगाला एका कडुनिंबाखाली मैलोबाचं ठाणं होतं, आणि गोजरबाई ही मैलोबाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक भक्त होती.

मैलोबा हा प्रवासाचा देव. परगावी निघालेल्या माणसानं त्याच्यापुढं नारळ फोडायचा, की गाडी पंक्चर होत नाही, मुक्कामाला उशीर होत नाही आणि सोयरे पाणी विचारतात. नाव मैलोबा का, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हसोबा असतो, बिरोबा असतो, तसा मैलोबा. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर लावून लावून देव चांगला गरगरीत झाला होता. नाक-डोळे नव्हते, पण गोजरबाईला ते दिसायचे.

गेल्या वैशाखातली अमावास्या. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. दुपारी गोजरबाई देवाला तेल घालायला गेली. तिनं वाटी कलती केली, आणि थप्प असा आवाज झाला. देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच, चांगलं वीतभर जाड, एका बाजूनं सुटलं आणि सोललेल्या फणसासारखं तिच्या पायाशी येऊन पडलं.

"अवोऽऽ! देवानं कात टाकली!" ती ओरडली. तो आवाज ओढ्यापलीकडं गेला. पाच मिनिटांत सगळी वाडी जमली. कचरू जेवता जेवता उठून आला होता, हाताला ठेचा तसाच.

कवचाच्या आत काळा दगड होता. घडवलेला, चौकोनी अंगाचा, वरून गोल डोक्याचा. दर्शनी बाजूला काहीतरी वळणदार कोरलेलं, आणि त्याच्या खाली ठसठशीत एक खूण, वरून उघडी, खाली टोकाला मिळालेल्या दोन रेघा.

"गंध!" गोजरबाईनं हात जोडले. "बघा, बघा, देवाच्या कपाळाला गंध हाय!"

मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अंगद तिथंच उभा होता. तो म्हणाला, "काकू, ते गंध न्हाई. ते इंग्रजी व्ही हाय. रोमनमधी व्ही म्हंजे पाच."

"देवाला कशाला पाहिजेत पाच?"

"पंचमहाभूतं आसतेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि चार जणांनी माना डोलावल्या.

 कचरू मात्र गुडघ्यावर बसला, दगडाच्या डोक्यावरून हात फिरवला, कडेवरून फिरवला, जमिनीतून किती वर आहे ते वितीनं मोजलं. हा गोल माथा, हे चौकोनी अंग. चौतीस वर्षं त्याचा हात अशाच अंगाखांद्यावरून फिरला होता. आणि मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तो तिथंच बूड टेकून पोट धरून हसायला लागला.

"अवो, देवापुढं काय हासून राह्यलात?" गोजरबाई कडाडली.

"गोजर," डोळे पुसत तो म्हणाला, "मैलाचा दगड हाय गं ह्यो! आख्खी नोकरी मैलाचे दगड रंगवले, आन घरच्या मैलाच्या दगडाला रोज पाया पडून कामाला गेलो!"

  गोजरबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं की त्याचं हसू अर्ध्यात अडकलं.

"गुर्जींना आना," ती म्हणाली. "जल्दी आना."

बद्रीनाथ गुरुजी ब्याण्णव वर्षांचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळा शिकलेले, वाडीत तेवढे एकच उरले होते. अंगदनं त्यांना मोटारसायकलवर आणलं. गुरुजींनी चष्मा पुसला, दगडासमोर वाकले, बोट उजवीकडून डावीकडं फिरवलं आणि शांतपणे वाचलं.

"भोकरदन. सात मैल."

"सात? ते गंध म्हंजे सात?" गोजरबाईनं विचारलं.

"उर्दूतला सात असाच असतो, बाई."

 एक जण हळूच म्हणाला, "उर्दू हाय. मंग देव आपला का त्यांचा?"

गोजरबाईनं त्याच्याकडं मानही वळवली नाही. "अक्षर निजामाचं, शेंदूर आपला, आन दगड ह्या मातीतला. तुझ्या देव्हाऱ्यातल्या एका तरी देवाला लिव्हता येतं का? आपल्या देवाला येतं!" असं म्हणून तिनं अर्धी सांडलेली वाटी उचलली आणि उरलेलं तेल देवाच्या डोक्यावर घातलं. अक्षरांवर थेंब जाऊ दिला नाही.

प्रश्न तिथंच मिटला असता. पण कचरूच्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला. वाडीच्या फाट्यावरचा किलोमीटरचा दगड त्यानं स्वतःच्या हातानं चौतीस वेळा रंगवला होता. त्यावर होतं, भोकरदन तेरा. आणि सात मैलांचे होतात सव्वाअकरा किलोमीटर. पावणेदोन किलोमीटरचा फरक! जेवताना त्यानं हे गोजरबाईला सांगितलं, आणि घरात भांडण पेटलं.

"मंग तुमचा दगड चुकला आसंल," ती म्हणाली.

"माझा दगड? अगं, सायबानं मोजून दिलेला हाय त्यो. बिलकुल चुकायचा न्हाई."

"देव खोटं बोलंल का सायब?"

"देव न्हाई म्हनत मी. ज्यानं देव रोवला, त्यानं चुकवलं आसंल."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी ताटात वरून पडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी कचरू पडवीत गेला, जुन्या सायकलीचं पुढचं चाक चिमट्यासकट सोडवून आणलं, आरीला लाल चिंधी बांधली आणि अंगणात चाक एक वेढा फिरवून टेपनं मोजलं. बरोबर दोन मीटर दहा सेंटीमीटर.

"आपुन मोजू," तो म्हणाला. "देवापासून भोकरदनपस्तोर. दूध का दूध."

गोजरबाईनं त्या चाकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "येढे कोन मोजनार?"

"मी."

"तुमी शंभरच्या पुढं गडबडता. मी मोजते." आणि तिनं गळ्यातली तुळशीची माळ काढून हातात घेतली. एकशे आठ मणी. चाकाचा एक वेढा, एक मणी. कचरूनं कागदावर हिशेब मांडला. एक मैल म्हणजे सात माळा आणि वर दहा मणी. हे उत्तर ऐकून गोजरबाई पहिल्यांदा हसली. सात मैलांच्या देवाच्या मैलात माळा पण सातच निघाल्या म्हणून.

रविवारी पहाटे दोघंच निघणार होते. प्रत्यक्षात चाळीस माणसं निघाली. अंगदनं व्हिडिओ काढायला मोबाईल काठीला बांधला होता. कुणी दशम्या बांधल्या होत्या, कुणी ताशा आणला होता. मैलोबाला नारळ फुटला आणि वरात चालू लागली. पुढं कचरू चाक ढकलतोय, त्याच्या शेजारी गोजरबाई पुटपुटत मणी सरकवतेय, आणि कुणी तिच्याशी बोलायला गेलं की सगळे मिळून त्याला "शूऽऽ" करताहेत.

डांबरी रस्त्यानं जायचं नव्हतं, हे कचरूनं आधीच ओळखलं होतं. देवाचं तोंड डांबरीकडं नव्हतंच. ते ओढ्याकडं होतं. ओढ्याच्या उतारावर त्याला मातीत रुतलेली चिऱ्यांची एक ओळ सापडली, मग पलीकडच्या काठावर दुसरी. जुना रस्ता! पेरणीच्या आधीचे दिवस, रानं उघडी पडलेली. शेतांच्या मधून एक किंचित उंच, सरळ पट्टा पुढं गेलेला दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना म्हातारे कडुनिंब सारख्या अंतरानं उभे होते. आयुष्यभर सगळ्यांनी ती झाडं पाहिली होती. ती रस्त्याची आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सात माळा," गोजरबाईनं जाहीर केलं. "आठ मणी... नऊ... दहा. थांबा!"

सगळे थांबले. दैवशाला नावाच्या बाईचं शेत होतं ते. ती विहिरीवर धुणं धूत होती. चाळीस माणसं, ताशा आणि सायकलीचं एकटं चाक आपल्या रानात शिरलेलं पाहून तिनं हातातलं लुगडं तसंच धरलं.

"बाई, इथं कुठं मैलाचा दगड हाय का?" कचरूनं विचारलं.

"कसला मैलाचा? इथं ह्यो धुन्याचा दगड हाय."

तो चाकापासून चार पावलांवर होता. आडवा पडलेला, वरची बाजू आपटून आपटून आरशासारखी झालेली. पालथा घातला, तर खालच्या बाजूला अक्षरं, सहाव्या मैलाची.

"अगं माय!" दैवशालानं कपाळाला हात लावला. "तेवीस वरसं मी ह्याच्यावर गोधड्या आपटल्या!"

"काही वाईट वाटून घेऊ नगं," गोजरबाई म्हणाली. "त्यो बी सोच्छ राह्यला." दैवशालानं धुणं तिथंच टाकलं, दार लावलं आणि तीही वरातीत सामील झाली.

पाचवा मैल एका गोठ्याची पायरी झालेला सापडला. चौथा पिंपळाखाली मुंजोबा होऊन बसला होता. त्याला पाहिल्यावर गोजरबाईनं आनंदानं ताशेवाल्याला खूण केली. "आपल्या मैलोबाचा धाकटा भाऊ!" ती म्हणाली, आणि तिथं ताशा असा कडाडला की पिंपळावरचे सगळे पोपट उडाले. तिसरा काही सापडला नाही. कचरूनं अर्धा तास बांधाचे दगड उलटेपालटे केले, शेवटी तिथं एक खुंटी ठोकून "गैरहजर" असं म्हणून पुढं निघाला. दुसरा एका मोरीत बसवलेला. पहिला पिठाच्या गिरणीच्या भिंतीत. गिरणीवाल्याला दळण थांबवून बाहेर यावं लागलं, आणि आपल्या भिंतीत इतका जुना पाहुणा आहे हे कळल्यावर त्यानं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

भोकरदनात शिरेपर्यंत माणसं साठ झाली होती. रविवारचा दिवस. रस्त्यावरचे लोक विचारत होते, "दिंडी कोनती?" आणि अंगद सांगत होता, "मोजनीची." एकोणपन्नास माळा पुऱ्या झाल्या. मग साठ मणी, पासष्ट, अडुसष्ट... सत्तर. चाक जिथं थांबलं तिथं बबलूचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेलपुढं, भिंतीला लागून, गिऱ्हाइकांना बसायला एक जुना काळा दगड होता. त्यावर एक गिऱ्हाईक बसून खारी बुडवून खात होतं.

"उठा, उठा," कचरू म्हणाला. 

गिऱ्हाईक उठलं. दगडाच्या बाजूला, चहाच्या ओघळांखाली, पुन्हा तीच वळणं होती. अंगदनं पहाटेच भोकरदनला नातवाकडं सोडलेले बद्रीनाथ गुरुजी आता नातवाच्या मोटारसायकलवरून आले. त्यांनी वाचलं. "भोकरदन." खाली एक नुसतं टिंब.

"टिंब म्हंजे काय?" बबलूनं घाबरून विचारलं.

"उर्दूतलं शून्य," गुरुजी म्हणाले. "तू शून्यावर हॉटेल टाकलंय."

कचरू त्या दगडाशेजारी मांडी घालून बसला. त्याला सगळं एकदम दिसलं. जुना रस्ता ओढ्यातून सरळ आलेला, सात मैल. साठ सालाच्या आसपास कामं निघाली तेव्हा नवा रस्ता टेकडीला वळसा घालून पुलाकडं गेला, तेरा किलोमीटर. त्यात जुने दगड रानात राहिले, आणि ज्याला जे जमलं ते त्यानं केलं. कुणी देव झाला, कुणी पायरी.

"गोजर," तो म्हणाला, "देव बी बराबर, सायब बी बराबर."

"आन माझी माळ बी बराबर," ती म्हणाली, आणि साठ माणसांदेखत तिनं नवऱ्याच्या तोंडात बबलूच्या बरणीतलं बिस्कीट कोंबलं.

चहा चालू झाला. पण गुरुजी चहा घेईनात. कप हातात धरून ते स्वतःशीच हसत होते, अन् हसता हसता कप बशीवर वाजत होता.

"काय झालं गुर्जी?" कचरूनं विचारलं.

"एक सांगायचं राह्यलंय," गुरुजी म्हणाले. "लई दिवसांचं. पंचावन्न सालची गोष्ट. मला मास्तरकीची पहिली नोकरी लागली. पायी भोकरदनला निघालो. आईनं ओटीतला नारळ दिल्ता, तिकडं देवीला फोड म्हणून. वाडीपासून दोन पावलं आलो आन अशी भूक लागली! रात्रीपासून आनंदानं जेवलोच नव्हतो. नारळ फोडायला दगड पाहिजे. समोर हा सात मैलांचा दगड उभा. त्याच्या डोक्यावर नारळ आपटला, खोबरं खाल्लं, करवंटी तिथंच टाकली, आन गेलो निघून."

"मंग?"

"मंग दिवाळीला परत आलो, तर दगडाला शेंदूर! बायका हळदीकुंकू वाहू राह्यल्या. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाल्या, इथं कुणीतरी नारळ फोडला, आन त्याला सरकारी नोकरी लागली!"

 आधी दैवशाला हसली, मग गिरणीवाला, मग सगळं हॉटेल. बबलू हसता हसता दूध उतू घालवून बसला.

"आन तुमी एवढी वरसं गप्प?" गोजरबाईनं विचारलं. ती मात्र हसत नव्हती.

"आधी लाज वाटली. मंग भीती. आन नंतर मी बी फोडायला लागलो, बाई. बदली झाली की फोडायचो. खरं सांगतो, एकदा बी गाडी चुकली न्हाई."

गोजरबाई त्यांच्याकडं पाहत राहिली. कचरूला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि ब्याण्णव वर्षांच्या गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं.

"मंग पहिले भगत तुमीच की! मी उगीच समजत होते, सगळ्यात जुनी मी."

अंगदच्या व्हिडिओनं पुढचं काम केलं. पावसाळा सरला, तसे लोक यायला लागले. पहिल्यांदा संभाजीनगरच्या कॉलेजातल्या निवेदिता मॅडम आल्या, इतिहास शिकवणाऱ्या, बावीस मुलामुलींना घेऊन. त्यांनी पोरांना वेरूळ दाखवलं होतं, लोणारचं सरोवर दाखवलं होतं. अंतर सांगणारा देव मात्र त्यांनीही पाहिला नव्हता. शेंदूर आता अक्षरांच्या खाली लावत होते, म्हणून नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"कचरूकाका, हे सगळं तुम्ही कसं ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

कचरूला एवढ्या लोकांपुढं बोलायची सवय नव्हती. त्यानं आधी पंचा काढला, परत बांधला. मग एकदा बोलायला लागला तो ओढा ओलांडला तरी थांबेना. मैल कसा मोजत, दगड किती खोल रोवतात, आकडा काढताना कुंचला कुठं उचलायचा, सारं सांगितलं. धुण्याच्या दगडाशी दैवशाला उभी राहून आपली गोधड्यांची कहाणी सांगायची, आणि दर वेळी वर्षं थोडी वाढवायची. चौथ्या मैलाला मुलांनी मुंजोबाला नमस्कार केला. तिसऱ्या मैलाच्या खुंटीपाशी कचरूनं "ह्यो गैरहजर हाय, कुणाला सापडला तर कळवा," असं सांगितलं. एका पोरीनं खरंच वहीत लिहून घेतलं.

मग जालन्याचे डॉक्टर लोक आले, एकदा पुण्याचे सायकलवाले आले. एकानं विचारलं, इथं बघण्यासारखं आणखी काय आहे? कचरू म्हणाला, "बघनं सोडा. आधी चालून तर घ्या." निवृत्तीनंतर लागलेली त्याची पायातली कुरकुर थांबली होती. सकाळी तो बायकोच्या आधी उठून बसायला लागला.

माघात धावड्याहून फोन आला. भागवत नावाच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर कोरलेला दगड निघाला होता. "काका, लई जुना दिसतो. नवस बोलू राह्यलेत लोक. एकदा येऊन बघा." कचरू आणि गोजरबाई दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले. बांधावर पन्नास माणसं, नारळाचा ढीग, हार. कचरूनं खाली बसून माती झटकली, थुंकी लावून अक्षर पुसलं, आणि मोठ्यानं वाचलं, "गोबर गॅस योजना. सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी."

मागं कुणाचा तरी हार हातातच राहिला. भागवतचं तोंड पडलं. बिचाऱ्यानं पाव्हण्यांसाठी सकाळपासून पुरण घातलं होतं. "मंग आता ह्या लोकान्ला काय सांगू?" त्यानं हळूच विचारलं.

"काय सांगायचं त्यात?" गोजरबाई म्हणाली. "आमच्या देवाला वाट ठावं हाय, तुमच्याला सयपाक. पोळ्या करा गरम गरम, आमी भुकेजलोय."

पन्नासच्या पन्नास माणसं जेवायला बसली. कचरूनं चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवीला नाही म्हणाला नाही.